माहुलचा भुंगा आणि मुलांनी काढलेले फोटो

माहुल म्हटले की मुंबईकराला दोन गोष्टी आठवतात. एक म्हणजे तेथील तेलशुद्धीकरण कारखाने आणि दुसरी म्हणजे थंडीत खाडीच्या चिखलावर उतरणारे रोहित पक्षी. माहुलला निसर्गफेरी काढायची म्हटले की सगळ्यांच्या नजरा दुर्बिणी लावून खाडीकडेच लागतात. पण ऑक्टोबरात रोहित पक्षी अजून यायचे असतात. तेव्हा आम्ही सातवीच्या मुलांना घेऊन निघालो ते रस्त्याच्या कडेची फुले आणि त्यांच्यावर येणारे पाहुणे बघायला. गावातून खाडीच्या धक्क्याकडे जाणाऱ्या वाटेवर रुईची झुडपे भरपूर आहेत. पावसाळा सरता सरता टाकळा आणि खुळखुळा पिवळ्या फुलांनी भरलेले असतात. पलीकडे तिवरांची हिरवी भिंत.

मुलांचे तीन गट केले होते. प्रत्येक गटाकडे एक मोबाइल, एक वही आणि एक फूटपट्टी. सूचना एकच होती. कॅमेरा फुलांकडे आणि कीटकांकडे वळवायचा, कारखान्यांच्या भिंतींकडे नाही. त्या परिसरात सुरक्षेचे नियम कडक असतात आणि ते मुलांनाही माहीत हवेत.

शाळेत परतल्यावर आम्ही फोटो एकेक करून मोठ्या पडद्यावर पाहिले. एका फोटोत रुईच्या फुलावर अंगठ्याच्या पेराएवढा काळा कीटक बसला होता. त्याच्या पाठीवर पिवळ्याधमक केसांची जणू शाल होती. फोटोवरून नाव सुचवणाऱ्या ॲपने त्याला ‘बंबल बी’ म्हटले. इंग्रजीच्या पुस्तकात मुलांनी बंबल बीचे चित्र पाहिलेले होतेच. गोलमटोल, केसाळ, काळी-पिवळी. झाले! एका मुलाने फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिले : ‘माहुलमध्ये बंबल बी सापडली.’

‘‘बाई, बरोबर आहे ना?’’

मी म्हटले, ‘‘फळा पुसू नका. आपण आता पुरावे तपासू.’’

फोटोतले पुरावे

बंबल बी आणि हा कीटक एकमेकांचे नातलगच आहेत. दोघीही मधमाशीच्या कुलातल्या. पण बंबल बीची प्रजाती बॉम्बस आणि आपल्याकडच्या भुंग्याची प्रजाती झायलोकोपा. फोटो मोठा करून पाहिला तर त्यांच्यातला फरक शाळकरी मुलालाही दिसतो. मुलांना आम्ही तीन गोष्टी शोधायला सांगितल्या.

पहिली गोष्ट, पोट. बंबल बीच्या पोटावरही दाट केस असतात. बहुधा त्यांचेच रंगीत पट्टे झालेले असतात. आमच्या फोटोतल्या कीटकाच्या पाठीवर केस होते, पण पोटाचा वरचा भाग जवळजवळ उघडा होता. नुकत्याच पॉलिश केलेल्या काळ्या बुटासारखा तो चकाकत होता.

दुसरी गोष्ट, मागचे पाय. बंबल बीच्या आणि मधमाशीच्या मागच्या पायावर एक गुळगुळीत, किंचित खोलगट जागा असते आणि तिच्या कडेला लांब केस असतात. तिला परागकरंडी म्हणू. गोळा केलेले पराग थोड्या मकरंदात भिजवून माशी त्यांचा गोळा करते आणि या करंडीत लावते. भुंग्याला अशी करंडी नसते. त्याच्या पायांवर ब्रशसारखे दाट केस असतात आणि पराग त्यांत अडकतात. फोटोत आम्हाला गोळा दिसला नाही. दिसले ते केसाळ पाय.

तिसरी गोष्ट, पंख. भुंग्याचे पंख बहुधा गडद असतात आणि त्यांवर निळी, हिरवी, जांभळी झाक दिसते. पावसाळ्यात रस्त्यावरच्या डबक्यात तेलाचा थेंब पडला की जे रंग दिसतात, त्यांतलाच हा प्रकार आहे. पातळ थराच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागावरून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळतात आणि काही रंग ठळक होतात, काही पुसले जातात. पाहण्याचा कोन बदलला की रंगही बदलतो. एकाच भुंग्याच्या दोन फोटोंत पंख एकदा निळे आणि एकदा तपकिरी दिसल्याचे मुलांच्या लक्षात आले, ते यामुळेच. म्हणून केवळ पंखांच्या रंगावरून जात ठरवू नये.

तीनही पुरावे एकाच बाजूचे होते. ती बंबल बी नव्हती. तो भुंगा होता, आणि अधिक नेमके म्हणायचे तर भुंग्याची मादी.

‘मग ॲप चुकले कसे?’

हा प्रश्न येणार होताच, आणि तो चांगला प्रश्न आहे. असे ॲप आधी पाहिलेल्या लाखो चित्रांशी आपले चित्र ताडून पाहते. केसाळ, काळा-पिवळा, फुलावर बसलेला मोठा कीटक अशी चित्रे युरोप-अमेरिकेतून फार मोठ्या संख्येने आलेली आहेत आणि त्यांतली पुष्कळशी बंबल बीची आहेत. ॲपने दिलेले नाव म्हणजे एक अंदाज. तो पुराव्यावर तपासणे हे आपले काम.

आणखी एक पुरावा फोटोत दिसत नाही, तो नकाशात असतो. जगात बंबल बीच्या सुमारे २६० जाती आहेत. भारतातल्या जाती सुमारे ५०, आणि त्यांचे घर म्हणजे काश्मीरपासून अरुणाचलपर्यंतचा हिमालय. महाराष्ट्रात बंबल बी राहत नाही. उन्हाळ्याच्या सुटीत कोणी मनालीला किंवा उत्तराखंडातल्या फुलांच्या घाटीत गेले तर मात्र तेथे ती सहज दिसेल. हिमाचलमध्ये सोलनजवळच्या नौणी येथील विद्यापीठात तेथील एका बंबल बीची पैदास करून टोमॅटोच्या परागीभवनासाठी तिचा उपयोग करून पाहिलेला आहे.

ती इकडे का नाही? तिचा केसाळ कोट पाहिला की उत्तराचा एक भाग मिळतो. कीटकाला उडायचे तर उडण्याचे स्नायू गरम असावे लागतात. बंबल बीला ते साधारण ३० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावे लागतात. थंड सकाळी ती पंख न हलवता स्नायू थरथरवते, त्यातून उष्णता तयार होते आणि केसांचा कोट ती धरून ठेवतो. थंडीने आपण कुडकुडतो तेव्हा आपलेही स्नायू हेच करतात. त्यामुळे इतर कीटक गारठून बसलेले असताना बंबल बी कामाला लागते. डोंगरावर जो कोट वरदान आहे, तोच मुंबईच्या उकाड्यात ओझे होईल.

भुंग्यापुढचा प्रश्न नेमका उलटा आहे. त्याचे शरीर मोठे, उडताना भरपूर उष्णता तयार होते आणि बाहेरही ऊन. म्हणून कडक उन्हाच्या दिवसांत भुंगे सकाळी आणि संध्याकाळी अधिक दिसतात, दुपारी पुष्कळदा बिळात बसतात. फेरीची वेळ ठरवताना हे लक्षात ठेवावे.

नावांचा गुंता

शिक्षकाने येथे थोडे थांबून शब्दही स्वच्छ करून घ्यावेत. भुंगा आणि भुंगेरा हे वेगळे प्राणी आहेत. भुंगेऱ्याचे पुढचे पंख टणक झाकणासारखे असतात. शेणकिडा हा भुंगेरा. भुंग्याला चार पातळ, पारदर्शक पडद्यांसारखे पंख असतात. तो मधमाश्यांपैकी आहे.

‘कीटक-भृंग न्याय’ मुलांच्या कानावरून गेलेला असतो. भृंग अळीला आपल्या घरात कोंडतो आणि त्याच्या ध्यासाने अळीचाच भृंग होतो, असे म्हणतात. हा भृंग म्हणजे आपला भुंगा नव्हे. मातीचे घर बांधणारी कुंभारीण माशी ती. ती अळीला डंख मारून निश्चल करते, घरात ठेवते आणि शेजारी अंडे घालते. अंड्यातून निघालेले पिल्लू ती अळी खाऊन वाढते. बाहेर पडते ती कुंभारणीचीच संतती.

सुतारकाम

झायलोकोपा हे नाव ग्रीक भाषेतल्या लाकूड आणि कापणे या अर्थांच्या शब्दांवरून आलेले आहे. इंग्रजीत या माश्यांना सुतार माशी म्हणतात. मराठी माणसाला हे सुतारकाम फार पूर्वीपासून ठाऊक आहे. ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायात, स्वजनांच्या स्नेहात अडकलेल्या अर्जुनाची अवस्था सांगताना ज्ञानेश्वरांनी भुंग्याचाच दृष्टांत दिला आहे. कोरडे, कठीण लाकूड सहज पोखरणारा हा जीव कोवळ्या कळीत मात्र अडकून पडतो. दृष्टांताचा पहिला अर्धा भाग निरीक्षण म्हणून अगदी अचूक आहे. (मात्र हे काम करते ती मादी.)

मादी आपल्या बळकट जबड्यांनी वाळलेल्या लाकडाला गोल भोक पाडते. ते इतके रेखीव असते की गिरमिटाने पाडल्यासारखे वाटावे. आत ती लाकडाच्या रेषेच्या दिशेने बोगदा खणते. काही जाती वाळलेल्या फांद्यांत, काही घराच्या वाशांत, तर काही बांबूच्या पोकळीत राहतात. भुंगा लाकूड खात नाही. भुसा बाहेर टाकतो किंवा भिंती घालायला वापरतो. वाळवीशी त्याची गल्लत करू नये.

बोगद्याच्या टोकाला मादी पराग आणि मकरंद यांचा एक गोळा ठेवते, त्यावर एक अंडे घालते आणि भुशाची भिंत घालून ती खोली बंद करते. मग पुढची खोली. भुंग्याची अंडी कीटकांच्या जगातल्या सर्वांत मोठ्या अंड्यांपैकी आहेत, आणि ती संख्येने थोडी असतात. पोळ्यातली राणी मधमाशी भराच्या दिवसांत दिवसाला शेकडो अंडी घालते. भुंग्याची मादी आयुष्यभरात मोजकीच घालते. येथे हजारो कामकरी माश्यांचे पोळे नसते. घर बांधण्यापासून पिल्लांच्या शिधापाण्यापर्यंतचे काम मुख्यतः त्या एका मादीवर असते. म्हणजे एक वासा जाळला किंवा एक भोक बुजवले तर तिच्या बहुतेक सगळ्या संततीचा निकाल लागू शकतो.

सोनेरी भुंगा चावतो का?

दुसऱ्या गटाच्या फोटोत एक वेगळाच पाहुणा होता. आकाराने तसाच, पण सगळ्या अंगावर हिरवट-सोनेरी लव. तो एकाच जागी हवेत तरंगत होता आणि जवळ येईल त्याच्यावर धावून जात होता. त्यामुळे मुले मागे पळाली आणि फोटो हलला.

मुलांनी त्याची वेगळी जात म्हणून नोंद केली होती. आपल्याकडे आढळणाऱ्या झायलोकोपा प्युबेसेन्स या जातीत मादी काळी आणि पाठीवर पिवळी असते, तर नर संपूर्ण सोनेरी केसांचा असतो. दोन्ही फोटो एकाच ठिकाणी, एकाच सकाळी काढलेले होते. तेव्हा ही नर-मादीची जोडी असणे अगदी शक्य आहे. पण अशाच दिसणाऱ्या जवळच्या जातीही आहेत आणि त्यांतला फरक कधी कधी सूक्ष्मदर्शकाखालीच ठरतो. म्हणून आम्ही वहीत लिहिले : ‘झायलोकोपा, एक मादी, एक नर, जात नक्की नाही.’ अशी अर्धी नोंद लिहायला मुलांना सुरुवातीला जड जाते. पूर्ण नाव लिहिले की गुण मिळतात, हे त्यांच्या अंगवळणी पडलेले असते. पुराव्याइतकेच बोलायचे, ही सवय येथे लागते.

धावून येणाऱ्या नराला भ्यायचे कारण नाही. माशीचा डंख म्हणजे अंडी घालण्याच्या नळीचे बदललेले रूप. त्यामुळे डंख मादीलाच असतो. नराला तो नसतोच. तो आपल्या हद्दीची राखण करतो एवढेच. मादी डंख करू शकते, पण हातात धरली, दाबली तरच. तेव्हा नियम सोपा आहे : हातभर अंतर ठेवा आणि पकडू नका.

रुईच्या फुलातला चिमटा

शनिवारी मारुतीला वाहण्यापलीकडे रुईकडे आपले फारसे लक्ष जात नाही. पण तिचे फूल हे एक यंत्र आहे आणि भुंगा हा त्याचा मुख्य चालक.

रुईचे फूल जवळून पाहा. (पाने किंवा फुले तोडू नका. रुईचा चीक डोळ्यांत गेला तर मोठी इजा होते. मुलांना हे आधी सांगावे आणि फेरीनंतर हात धुवायला लावावेत.) पाच पाकळ्यांच्या मध्ये एक मुकुट असतो. त्याच्या आत पुंकेसर आणि स्त्रीकेसर एकमेकांना जोडून पाच कोनांचा एक खांब झालेला असतो. या खांबावर पाच उभ्या, अरुंद फटी असतात. रुईचे पराग सुट्या धुळीसारखे नसतात. ते पिवळ्या, चपट्या पुंजांत बांधलेले असतात आणि असे दोन पुंज एका इवल्याशा काळपट चिमट्याला लटकलेले असतात. चिमटा प्रत्येक फटीच्या वरच्या टोकाला असतो.

भुंगा मकरंदासाठी मुकुट कवटाळून बसतो. पाय फटीत घसरतो, वर ओढताना चिमट्यात सापडतो, आणि भुंगा पाय हिसकून निघतो तो परागपुंजांची जोडी घेऊनच. पुढच्या फुलावर तोच पाय फटीत गेला की पुंज आत अडकून राहतो आणि परागीभवन होते. लहान माशीला हा पाय सोडवायला बळ पुरत नाही. ती कधी कधी तेथेच अडकून मरते. या यंत्राला भुंग्यासारखा दांडगा चालकच लागतो.

आमच्या पहिल्याच फोटोत भुंग्याच्या पायाला दोन पिवळे कण लागलेले होते. आदल्या तासाला कोणाचे लक्ष त्यांच्याकडे गेले नव्हते. रुईच्या फुलाची रचना फळ्यावर काढल्यावर एक मुलगी उठली, पडद्यापाशी गेली आणि तिने त्या कणांवर बोट ठेवले. फोटोचा हा मोठा फायदा आहे. डोळ्यांसमोरून गेलेली गोष्ट परत पाहता येते, आणि नवी माहिती घेऊन पाहता येते.

वर्गाला एक काम द्यावे. रुईच्या एका झुडपावरची फुले आणि फळे मोजा. फुले शेकडो आणि फळे अगदी थोडी असतील. प्रत्येक फळामागे, म्हणजेच त्यातून उडणाऱ्या प्रत्येक म्हातारीमागे, अशी एक पाय अडकण्याची आणि सुटण्याची घटना आहे.

नादकाट्याचा प्रयोग

टाकळ्याच्या आणि वांग्याच्या फुलांत आणखी एक युक्ती आहे. बहुतेक फुलांचे परागकोश उभे उकलतात आणि पराग मोकळे होतात. वांग्याचे परागकोश मात्र टोकाला बारीक छिद्र असलेल्या नळ्या आहेत, मिठदाणीसारख्या. पराग हवे असतील तर ती हलवावी लागते. भुंगा परागकोशांना मिठी मारतो, पंख न उडवता उडण्याचे स्नायू जोरात थरथरवतो, आणि छिद्रांतून परागांचा फवारा त्याच्या पोटावर पडतो. त्या वेळी आवाज बदलतो. उडतानाचा घोगरा गुंजारव थांबून एकदम वरच्या पट्टीतला तुटक ‘झीं’ ऐकू येतो. मोबाइलवर तो ध्वनिमुद्रितही करता येतो.

बंबल बीलाही ही कला येते. मधमाशीला येत नाही. म्हणूनच युरोपात १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून काचघरातल्या टोमॅटोसाठी बंबल बी पाळण्याचा मोठा व्यवसाय उभा राहिला. त्याआधी मजूर कंपन देणाऱ्या उपकरणाने एकेक घोस हलवत असत.

करून पाहा : सकाळी उमललेले वांग्याचे ताजे फूल देठासह घ्या. खाली काळा कागद ठेवा. प्रथम फुलावर फुंकर मारा. मग प्रयोगशाळेतला नादकाटा न वाजवता परागकोशांना टेकवा. शेवटी तोच नादकाटा रबरी पॅडवर आपटून, वाजत असताना हलकेच टेकवा. प्रत्येक वेळी कागदावर किती पराग पडले ते भिंगातून पाहा. निरनिराळ्या वारंवारतेचे नादकाटे वापरून तुलनाही करता येईल. ध्वनीचा धडा आणि परागीभवनाचा धडा एका टेबलावर येतात.

भुंग्याची कामे एवढ्यावर संपत नाहीत. शेवगा, ताग, कृष्णकमळ यांच्या फुलांवरही तो परागीभवन करतो. मात्र तो नेहमीच सभ्यपणे वागतो असे नाही. सोनघंटीसारख्या लांब नळीच्या फुलात जिभेला मकरंद गाठता आला नाही तर तो फुलाच्या बुडाशी चीर पाडून बाहेरूनच मकरंद पितो. परागकोशांना तो शिवतही नाही. शाळेजवळ सोनघंटी असेल तर गळून पडलेली पन्नास फुले गोळा करा आणि किती फुलांच्या बुडाशी चीर आहे ते मोजा.

फोटो कसा काढावा

मुलांचे निम्मे फोटो हललेले होते. का, हे गणितानेच सांगता येते. भुंगा सेकंदाला २ मीटर या वेगाने उडत असेल आणि कॅमेऱ्याचा पडदा १/६० सेकंद उघडा राहिला, तर तेवढ्यात भुंगा ३ सेंटीमीटरहून अधिक पुढे जातो, म्हणजे स्वतःच्या लांबीपेक्षा जास्त. फोटोत येतो तो काळा फराटा. पडदा १/१००० सेकंदच उघडला तर तो २ मिलिमीटर सरकतो. पंख सेकंदाला शंभराहून अधिक वेळा हलतात, त्यामुळे ते तर धूसरच येणार. उजेड जितका जास्त, तितका थोडा वेळ पडदा उघडावा लागतो. म्हणून सकाळचे कोवळे पण स्वच्छ ऊन सर्वांत चांगले. आपली सावली फुलावर पडू देऊ नये.

भुंग्याच्या मागे धावू नये. फूल निवडावे, कॅमेरा त्यावर आधीच जुळवून ठेवावा आणि स्वस्थ थांबावे. मकरंद आहे तेथे तो येतोच. ओळखीसाठी शक्य तर चार फोटो घ्यावेत : पाठ, कुशी, चेहरा आणि मागचे पाय. कीटक निघून गेल्यावर त्याच फुलाशेजारी फूटपट्टी धरून पाचवा फोटो घ्यावा, म्हणजे आकाराचा अंदाज येतो. सहावा फोटो झाडाच्या पानांचा. आणि प्रत्येक फोटोमागे वहीत पाच गोष्टी : तारीख, वेळ, जागा, झाड आणि कीटक काय करत होता ते. या पाच गोष्टी नसतील तर फोटो केवळ सुंदर राहतो, उपयोगी होत नाही.

एका फोटोचे मोल

हे उपयोगी असणे किती मोठे असू शकते, त्याचे उदाहरण अमेरिकेत घडले. तेथे पाठीवर तांबूस ठिपका असलेली बॉम्बस ॲफिनिस नावाची बंबल बी पूर्वी सर्रास दिसे. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून ती झपाट्याने दिसेनाशी झाली. क्ले बोल्ट या छायाचित्रकाराने तिचा माग काढत फोटो घेतले आणि २०१६ मध्ये तिच्यावर माहितीपट आला. २०१४ मध्ये सुरू झालेल्या एका उपक्रमात सामान्य लोक आपापल्या अंगणातल्या बंबल बीचे फोटो पाठवू लागले. तज्ज्ञ ते तपासत आणि कोणती जात कोठे उरली आहे हे नकाशावर दिसू लागे. २०१७ मध्ये अमेरिकी सरकारने या माशीला संकटग्रस्त जातींच्या यादीत घातले. बॉम्बस फ्रँकलिनी ही दुसरी जात रॉबिन थॉर्प या कीटकशास्त्रज्ञाला २००६ मध्ये दिसली. त्यानंतर शोधूनही तिची खात्रीची नोंद झालेली नाही. शेवटची नोंद ही शेवटची आहे, हे ती करताना कोणालाच कळत नसते.

आपल्या भुंग्यांवरही महाराष्ट्रात महत्त्वाचे संशोधन झाले आहे. भीमाशंकरच्या जंगलात हेमा सोमनाथन आणि रेने बोर्जेस यांनी वारस या वृक्षाचा अभ्यास केला. त्याची फुले रात्री उमलतात आणि झायलोकोपा टेन्युइस्कापा हा भुंगा रात्रीही त्यांचे परागीभवन करतो, असे त्यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केले. तेथलाच झायलोकोपा ट्रँकेबारिका तर खरा निशाचर. चंद्र नसलेल्या रात्रीही तो उडतो. स्वीडनमधल्या एरिक वॉरंट आणि अल्मुट केल्बर यांच्याबरोबर केलेल्या प्रयोगांतून २००८ मध्ये दिसले की केवळ ताऱ्यांच्या उजेडातही हा भुंगा घराजवळच्या खुणेचे रंग ओळखतो. तेवढ्या उजेडात आपल्याला सगळे करडेच दिसते.

बांबूचा तुकडा

फेरीनंतर आठवड्याने मुले मला शाळेमागे घेऊन गेली. गणपतीच्या मांडवाचे उरलेले बांबू तेथे पडले होते आणि शिपाईकाका ते जाळून जागा साफ करणार होते. एका बांबूच्या भोकातून भुंगा आत जाताना मुलांनी पाहिला होता. नुसते पाहिले नव्हते, फोटो काढला होता. पायांचे केस परागांनी पिवळे झालेले, शरीर अर्धे आत, अर्धे बाहेर.

मुलांनी काकांना फोटो दाखवला आणि आत काय असेल ते समजावून सांगितले : परागाचा गोळा, अंडे, भुशाची भिंत. काकांनी थोडा वेळ ऐकून घेतले आणि म्हणाले, ‘‘मग हा एक बाजूला ठेवा. पण वर्गाजवळ नको, बारकी पोरं हात घालतील.’’ त्यांचे म्हणणे रास्त होते. संध्याकाळी भुंगा आत परतल्यावर त्यांनीच तो बांबू हलक्या हाताने उचलला आणि कुंपणाजवळच्या पत्र्याखाली, पाऊस लागणार नाही अशा बेताने, आडवा बांधला. इतक्या हलवाहलवीनंतर मादीला घर सापडेल की नाही, ही शंका होतीच. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन मुली तासभर पत्र्यासमोर बसल्या. भुंगा बाहेर आला, बांबूकडे तोंड करून हवेत काही गिरक्या घेतल्या आणि निघून गेला. वीसेक मिनिटांनी तो परत आला. त्यांनी दोन्ही वेळा वहीत लिहून ठेवल्या.

आता महिन्यातून एकदा त्या बांबूचा फोटो, त्याच जागेवरून, काढायचा असे ठरले आहे. फळ्यावरचे वाक्य मुलांनीच पुसले आणि त्या जागी लिहिले : ‘माहुल, ऑक्टोबर, सकाळी पावणेनऊ. रुईच्या फुलावर भुंग्याची मादी, झायलोकोपा. पायाला परागपुंज. जात नक्की नाही.’